छपरातली पेन्सिलभर फट

बोरगाव मेघेतल्या आमच्या घरी अंगणातल्या दोरीवर हळदीनं पिवळं केलेलं मांजरपाट वाळत घातलं, की गल्लीत चौकशी सुरू व्हायची. समोरच्या काकू फाटकाशी येऊन विचारायच्या, "कोणाची हळद आहे वो? आमाले सांगतलं बी नाई!" घरात लग्नाचं वय होऊन गेलेली एकच मुलगी, ती म्हणजे मी, तेव्हा त्यांची उत्सुकता समजण्यासारखी होती. आई शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. ती वर्गात सांगावं तसं ठणकावून सांगायची, "रेल्वेच्या डब्याची हळद आहे. पोरगी त्याचं छप्पर बनवून राह्यली!"

काकू आ वासून बघत राहायच्या आणि मला हसू आवरायचं नाही. पण आई खोटं काहीच सांगत नव्हती. पुलगावच्या रस्त्याला एका कारखान्यात मालगाडीचे बंद डबे तयार होतात, तिथे मी डिझाइनचं काम करते. डबा पाण्याला पक्का आहे की नाही हे बघायची आमच्या कारखान्याची आपली एक रीत आहे. डब्यावर पाणी सोडायचं आणि आत गळतं का बघायचं, एवढं तर सगळीकडेच करतात. पण वर्ध्याच्या उन्हात पत्रा असा तापतो, की दार उघडून आत जाईपर्यंत पडलेला थेंब वाळून गेलेला असतो. म्हणून आम्ही टाकीतल्या पाण्यात चुना कालवतो आणि डब्यात खाली हळदीचं कापड अंथरतो. चुन्याचं पाणी हळदीवर पडलं की लाल डाग उमटतो. थेंब वाळतो, डाग वाळत नाही. ही रीत मी येण्याआधीपासूनची. कापड रंगवायचं काम मात्र मी हौसेनं घरी घेतलं होतं, कारण कारखान्यात रंगवलेलं कापड नेहमी चट्ट्यापट्ट्याचं व्हायचं आणि मला ते बघून डोक्यात तिडीक जायची.

आता छप्पर म्हणजे काय मोठंसं, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. चार पत्रे जोडले, झालं. पण मालधक्क्यावर एकदा उभं राहून बघा. सिमेंटचं पोतं एका रात्रीत दगड झालेलं असतं. तुरीच्या पोत्याला मोड आलेले असतात. खताच्या पोत्याचं तर नावच नको. हमाल ते ओढून बाजूला टाकतात आणि रेल्वेच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. दोष सगळा छपराच्या सांध्याचा. उन्हात पत्रा पसरतो, पहाटे आखडतो. गाडी धावते तेव्हा अख्खा डबा अंग पिळतो. वर माणसं चढतात, नाचल्यासारखी चालतात, पत्र्याला खड्डा पडतो आणि खड्ड्यात पाणी साचतं. जुन्या रीतीत एका पत्र्यावर दुसरा चढवून वेल्ड मारायचा आणि फटीत मलम भरायचं. मी त्या चिकट लगद्याला मलमच म्हणायचे. दोन उन्हाळे गेले की वेल्डला तडा जायचा, मलम सुकून पापुद्रे निघायचे आणि पाणी आत यायला मोकळं.

हे मला कधीच पटलं नाही. ज्या पत्र्याला हलायचंच आहे त्याला बांधून का ठेवायचं? पण पटत नाही म्हणून काय करायचं, तेही सुचत नव्हतं. सुचलं ते मामाच्या वावरात, गोठ्याच्या कवेलूंकडे, म्हणजे कौलांकडे, बघत असताना. मामी आत चहा ठेवत होती आणि मी बाजेवर आडवी पडून वर बघत होते. कवेलूंच्या दोन रांगा उताण्या, त्यांच्या कडा वर आलेल्या, आणि त्या दोन कडांवर तिसरं कवेलू पालथं. ना वेल्ड, ना मलम. पाणी खालच्या पन्हाळीतून निघून जातं, सांधा वर कोरडाच राहतो. मी ताडकन उठून बसले. मामी कप घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "काऊन वो, इचू चावला का?" मी चहा तसाच ठेवून कागद शोधायला पळाले.

पुढचे महिने मी पछाडल्यासारखी त्यातच होते. प्रत्येक पत्र्याची कड बोटभर वर वळवायची. दोन वळवलेल्या कडा शेजारी आल्या, की त्यांच्यावर पत्र्याची लांब पालथी टोपी बसवायची. टोपी खाली चापांनी धरून ठेवायची, पण कडांना चिकटवायची नाही. पत्र्याला पसरायला, आखडायला, पीळ खायला जागा हवी. पत्र्याच्या अंगावर दाबून उभ्या घड्या काढायच्या, म्हणजे माणूस वर नाचला तरी खड्डा पडू नये. रोज नवा कागद, रोज नवी खाडाखोड. घरी जेवताना मी पोळी दुमडून आईला सांधा दाखवायचे. आई म्हणायची, "आधी खाऊन घे तो सांधा."

कारखान्याचे मालक भला माणूस, पण फुंकून ताक पिणारे. त्यांनी माझं चित्र बराच वेळ उलटसुलट करून पाहिलं. शेवटी म्हणाले, "एक डबा बनवू. रेल्वेचा तपासणी साहेब येईल, त्याच्यासमोर पाणी सोडू. थेंब नाही आला, तर यापुढे सगळ्या डब्यांवर तुझंच छप्पर. आला, तर आपलं जुनं बरं. मग पुन्हा हा विषय काढायचा नाही." त्यांचंही बरोबर होतं. एकदा नमुना नापास झाला, की रेल्वे पुन्हा लवकर दारात उभं करत नाही. पण मला रात्री झोप येईना. पुन्हा मलम भरायची चित्रं काढत बसायचं, हे आठवलं की मी उठून दिवा लावायचे आणि चित्र पुन्हा तपासायचे.

छप्पर तयार केलं आमच्या मिस्त्रीनं. पन्नाशीचा माणूस, पत्र्याच्या कामात त्याचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता आणि हे तो स्वतःच दिवसातून दोनदा सांगायचा. माझ्याशी त्याचं रोज भांडण. "मॅडम, टोपी अशी ढिली ठेवा म्हणता, लोक हासतील ना! म्हणतील मिस्त्रीले बसवता येत नाई."

"हसू द्या. चित्रात जेवढी जागा आहे तेवढी राहिली पाहिजे."

"राहते जी, राहते. मी काय चित्राच्या बाहेर जाऊन राह्यलो?" असं म्हणत तो कामाला लागायचा. आणि खरंच, काम असं सुंदर करत होता की मी संध्याकाळी घरी जाण्याआधी शिडीवर चढून नुसती बघत उभी राहायचे.

तपासणीचा दिवस उजाडला. मार्च लागला होता, सकाळी दहालाच ऊन चावत होतं. साहेब नागपूरहून आले. बारीक, उंच, कमी बोलणारे. हळदीचं कापड पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या. "ये क्या है? वॅगनचं लग्न आहे का?" मालकांनी रीत समजावून सांगितली. साहेबांनी मान हलवली आणि बहुधा पहिल्यांदाच हसले.

आमच्या दोन हेल्परांनी कापड डब्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलं. दारं बंद झाली. वरच्या पाइपांतून चुन्याचं पाणी धो धो सुरू झालं. छपरावरून पांढरट धारा दोन्ही बाजूंनी अशा सुटल्या की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पाणी कुठे थांबत नव्हतं, कुठे साचत नव्हतं. मी मालकांकडे बघितलं. ते घड्याळाकडे बघत होते.

पाणी बंद झालं. दार उघडलं. साहेब आत गेले, मागे मालक, मागे मी.  कापडाच्या कडेला लाल डाग. एक नाही, ओळीनं. दाराशी लाल, कोपऱ्यात लाल, पलीकडच्या कडेलाही लाल. मालकांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी खिशातून पेन काढलं.

माझा स्वभाव तापट. अशा वेळी रडू येण्याऐवजी मला राग येतो. गळेल कसं? मी खाली बसले आणि कापडाला नाकच लावलं. डाग गोल नव्हते. लांबट होते, आणि चार-चारच्या झुपक्यात. कडेपासून सारख्याच अंतरावर. वर बघावं तर त्या जागेच्या वर सांधाही नव्हता. मी बाहेर येऊन हेल्परांपुढे उभी राहिले. "हात दाखवा."

एकानं दाखवले, स्वच्छ होते. दुसऱ्यानं मागे लपवले.

"खर्रा खाल्ला का?"

"थोडासाच जी," तो म्हणाला. "कापड पसरवाच्या पयले."

क्षणभर कोणाच्याच लक्षात आलं नाही. मग मिस्त्री ओरडला, "अबे! खर्ऱ्यात चुना राह्यते ना बे!" हेल्परनं सुपारी-तंबाखू-चुना घोटलेला तो खर्रा चिमटीनं तोंडात टाकला, घामेजली बोटं तशीच ठेवली आणि त्याच बोटांनी कापड धरून ताणलं. जिथं जिथं धरलं तिथं तिथं हळद लाल, आणि दारं लावायच्या घाईत ते कोणी पाहिलं नाही. साहेबांना मी त्याची बोटं डागांवर ठेवून दाखवली. तंतोतंत बसली. मालक असे हसले की त्यांना ठसका लागला. साहेब म्हणाले, "बत्तीस वर्षं नोकरी झाली, खर्ऱ्यानं गळणारी वॅगन आज पाहिली!" सगळा कारखाना हसत होता. हेल्पर बिचारा पुढचे सात जन्म खर्रा सोडण्याच्या शपथा घेत होता, आणि कोणाचाही त्यावर विश्वास नव्हता. साहेबांनी पुन्हा पेन काढलं, यावेळी हसत.

मी कापड गुंडाळायला आत गेले.  शिडीकडच्या टोकाला आले आणि थांबले. तिथे कडेपासून चांगला हातभर आत एक डाग होता. एकच. गोल, आणि भोवती बारीक शिंतोडे.

तिथे कोणाचा हात पोचला नव्हता. कापड ताणताना मधे कोणी शिरतच नाही.

बाहेर मालक म्हणत होते, "साहेब, चहा घेऊ, मग सही." मी नुसतं गुंडाळलं असतं तर तो डागही खर्ऱ्याच्या खाती गेला असता. कोणी विचारलंही नसतं. मी फार सत्यवादी वगैरे आहे असं नाही. बसमध्ये शेजारची जागा राखायला मी बेधडक खोटं बोलते. पण त्या डागाकडे बघून मला गप्प बसवेचना. माझ्या छपराचा पहिला थेंब, आणि तो मी न बघता जाऊ देऊ? कुठून आला तो? कसा आला? मला ते कळायलाच हवं होतं, सहीच्या आधी, चहाच्या आधी.

"साहेब," मी आतून ओरडले, "हा खर्रा नाही. हा थेंब आहे!"

 मालक दारात आले. त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. साहेब वाकले, डाग पाहिला. "मग नापास लिहू?"

"गळलं ते लिहाच. पण कुठून गळलं ते बघून लिहा. मला थोडा वेळ द्या."

त्यांनी पेन पुन्हा खिशात ठेवलं. मग मालकांना म्हणाले, "चहा इथेच मागवा."

पाणी जिथून शिरतं तिथेच कधी पडत नाही, एवढं मला माहीत होतं. मी विजेरी घेऊन वर बघितलं. छपराला आतून आधार देणाऱ्या लोखंडी कमानीच्या खालच्या कडेवर चुन्याची एक पांढरी रेघ वाळली होती. ती धरून गेले, तर ती शेवटच्या सांध्यापाशी पोचली. मी बाहेर धावले, शिडी चढले. मागोमाग साहेबही चढले, मला वाटलंही नव्हतं चढतील म्हणून. बाकीच्या टोप्यांखाली माझी पेन्सिल सरळ आत जात होती. या शेवटच्या टोपीखाली तिचं टोकसुद्धा शिरेना. टोपी कडांवर अशी ठोकून बसवली होती की सांधा दिसतही नव्हता. चकचकीत, देखणं काम.

"मिस्त्री!"

तो खालूनच बोलला. "जी. ते म्या सकाळी केलं. साहेब शिडीनं चढतीन, त्याईच्या नजरेत पयले हेच येईन. म्हणून जरा फिनिशिंग देल्ली."

मला हसावं की रडावं कळेना. एवढ्या सगळ्या टोप्या चित्राप्रमाणे, आणि एकच जास्त चांगली! "मिस्त्री, अहो घट्ट बसवली म्हणूनच गळली."

"घट्ट हाय म्हून गळते? काई बी काय सांगता मॅडम!" तो दाणदाण शिडी चढून वर आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. साहेबांसमोर त्याच्या कामाला नाव ठेवलं गेलं होतं, आणि ते ठेवलं होतं मी. "तीस साल झाले पत्रा ठोकून राह्यलो. ढिलं म्हून गळलेलं पाह्यलं. घट्ट म्हून गळलेलं नाई."

मी त्याला बसवलं. समईत वात खाली तेलात असते, ज्योत वर असते. तेल वर कसं चढतं? वातीतल्या बारीक फटींतून. दोन पत्रे इतके जवळ आले की तीही वातच. पाणी त्यांच्यामधून आपोआप वर चढतं, कड ओलांडतं आणि पलीकडे आत उतरतं. फट पेन्सिलभर असली, की पाण्याला चढायला काही सापडत नाही. ते खालच्या खाली वाहून जातं. मी बोलत होते आणि बोलता बोलता मलाच ते नव्यानं लख्ख दिसत होतं. चित्रात ती जागा मी पत्र्याच्या हालचालीसाठी ठेवली होती. पाणीही तीच अडवतेय, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं! मी जोरात हसले. मिस्त्रीला वाटलं त्यालाच हसले.

तो उठला, छिन्नी आणि हातोडी घेतली आणि टोपीच्या कडा उचलायला लागला. स्वतःचं देखणं काम स्वतःच्या हातानं मोडत होता. प्रत्येक घावाला मला वाईट वाटत होतं, आणि तरी मी थांब म्हणत नव्हते. शेवटी त्यानं माझ्या हातातली पेन्सिल ओढून घेतली, टोपीखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली आणि म्हणाला, "सोडा पाणी. पण आता मी आत बसतो. माह्या डोयानं पाह्यतो."

मीही आत बसले. नवं पिवळं कापड, स्वच्छ धुतलेल्या हातांनी पसरलेलं. दारं लागली. काळोख झाला आणि वर पाणी कोसळायला लागलं. आतून तो आवाज काय असतो! छाती धडधडते की पत्रा, तेच कळत नाही. आम्ही दोघं शिडीकडच्या टोकाला, कापडाच्या कडेला एका बाकावर चढून उभे होतो. मिस्त्रीनं एक हात वर करून कमानीची खालची कड धरून ठेवली होती. मी विचारलं, "आलं?" त्या गोंगाटात त्याला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा ओरडले, "आलं का?" त्यानं दुसऱ्या हातानं माझा हात धरला आणि त्या कडेवर नेऊन ठेवला. पत्रा गार झाला होता. गार आणि कोरडा.

पाणी थांबलं तरी आम्ही हात काढले नाहीत. दार उघडलं, ऊन आत आलं. माझ्या मनात एक भारदस्त वाक्य तयार होतं, इंजिनियरनं साहेबांसमोर बोलावं असं. ते कुठल्या कुठे गेलं. "कोरडं! कोरडं! कोरडं!" एवढंच मी किंचाळत होते. साहेबांनी बूट काढले, कापडावरून तळहात फिरवत टोकापर्यंत गेले आणि तितक्याच सावकाश परत आले. मग मालकांना म्हणाले, "पास. चित्रात लिहून घ्या, टोपीखाली पेन्सिल फिरली पाहिजे. मोठं लिहा. नाहीतर तुमचे मिस्त्री फार चांगलं काम करतात."

मिस्त्रीनं मान खाली घातली, पण मिशीत हसत होता. मालक माझ्याकडे बघून नुसते मान हलवत राहिले. 

मला मात्र खाली उभं राहवेना. मी शिडी चढून छपरावर गेले. पाण्यानं पत्रा थंडगार झाला होता. मी चपला काढून टाकल्या आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाय आपटत चालले. मग पळाले. मग उड्या मारल्या, चांगल्या दणदणीत. पत्रा वाजत होता पण दबत नव्हता. खालून मालक ओरडले, "पडशील पोरी!" मी ऐकलं नाही.

पलीकडे हरभरा काढलेलं वावर आणि त्याच्यापलीकडे, जरा सखलात, मेन लाइन. तेवढ्यात एक मालगाडी आली. बंद डबे, एकामागून एक. वरून मला त्यांची छपरं दिसत होती. कुठे डांबराची ठिगळं, कुठे गंजाचे ओघळ, कुठे खड्ड्यात साचलेली माती. कुठल्या कुठल्या गावची पोती त्यांच्या पोटात होती आणि कुठे जाऊन ती उघडणार होती. गाडी संपता संपत नव्हती. मी कमरेवर हात ठेवून उभी होते, पाय ओले, ऊन डोक्यावर. आणि एकेक डबा समोरून जाताना मी घसा फोडून त्याला ओरडून सांगत होते, "तुझंही करणार! तुझंही! तुझंही!"

खडखडाटात माझं मलाच ऐकू येत नव्हतं. मग शेजारी कोणीतरी उभं असल्याचं जाणवलं. मिस्त्री वर आला होता. तोही गाडीकडे हात करून ओरडत होता.